आचलच्या गणिताले माहे बोटं

मोह पडाले लागला का माह्या उजव्या हाताचं पयलं बोट ठणकते. डॉक्टर म्हणे, वयाचं हाय बाई. वयाचं असल. पण वयाचं दुखणं बाराही महिने राहते, हे तं मोहाच्याच दिवसात येते. पहाटे घरामागच्या सांदवाडीतल्या मोहाच्या झाडाखाली फुलाइची टपटप सुरू झाली, तो गोड-आंबूस वास घरात शिरला, का बोट जागं होते. मी खाटेवर पडल्या पडल्या त्याले दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून ठेवतो. धानाचा रोवणा केला, धान कापला, तेंदूपत्त्याचे पुडे बांधले, तेव्हा हे बोट कधी बोललं नाही. ते बोलाले लागलं मांगच्या उन्हाळ्यापासून. मांगच्या उन्हाळ्यात मी त्यानं गणित टाकलं.

गणित माहं नाही. माह्या नातीचं, आचलचं.

माहं नाव मायनं पुस्तकला ठेवलं होतं. पुस्तक चौथीतच सुटलं, नाव तेवढं राहिलं. त्याच्यावर आमच्या घरात लगीत हसून झालं, पोट दुखेपर्यंत हसून झालं, आता कोणी हसत नाही.

आमचं गाव अर्जुनी मोरगावच्या पुढं, जंगलाच्या काठाले. आचल गोंदियाले एम.एस्सी. करे. सकाळची गाडी धरून जाये, दिवस बुडता बुडता ये. डब्यात लाखोळीचं वरण अन् भात. शेवटच्या साली तिले प्रोजेक्ट लिहून द्याचं होतं. ते दिल्याशिवाय पास करत नाही. अन् तिचं तं त्याच्याही पुढचं होतं. दूर दक्षिणेकडं एका मोठ्या जागी तिले पुढं शिकाले घेऊ म्हणत होते. पण पयले तुझं प्रोजेक्ट पाहू म्हणे, मंग ठरवू. आमच्या घरातून त्या बाजूले कोणी गेलं असल तं विहीर खोदाले, नाही तं इमारतीवर गिट्टी उचलाले. गणित घेऊन कोणी गेलं नाही.

होळी होऊन गेली होती. आचल अर्जुनीच्या स्टेशनावरून स्कुटीनं घरी येऊन राहिली होती. जंगलाच्या वळणावर रानडुक्कर आडवं आलं. पडताना माणूस हात पुढं करते, तिनंही केले. दोन्ही मनगटं मोडले. गोंदियाच्या दवाखान्यातून आली तं कोपरापासून दोन्ही हात प्लास्टरानं पांढरे, गळ्यात अडकवलेले, पुढं बोटं तेवढे दिसत, सुजून लाल, पिकल्या मिरच्यावानी. लॅपटॉप पिशवीत होता. तो वाचला. त्याची बोट फिरवाची पाटी मेली, पण बटना सगळ्या जित्या होत्या. लॅपटॉप सुरू झालेला पाहून ती रडली. हातासाठी नाही रडली.

अर्जुनीले टायपिंगवाला हाय. माही सून सुमन आचलचे कागद घेऊन त्याच्याकडं गेली. त्यानं एक पान पाहिलं, दुसरं पाहिलं अन् कागद परत दिले. "दीदी, ये अपने बस का नहीं. लग्नाची पत्रिका सांगा, अर्ज सांगा, करून देतो." मैत्रिणींचे आपआपले प्रोजेक्ट होते, त्या तरी काय करतीन. मी म्हटलं, मोबाईलले बोललं का तो लिहते नं. आचल म्हणे, "आजी, मोबाईल साधं बोलणं लिहते. गणित सांगतलं का भलत्याच माणसाले फोन लावते."

मंग तिनं पेन्सिल दातात धरली. कोंबडी दाणे टिपते तशी एकेक बटन टोचे. मान ताठून जाये, लाळ गळे. अन् त्या सॉफ्टवेअरमंधी निम्मं काम दोन बटना संगं दाबूनच होते. एक दाबून धराचं, धरूनच ठेवाचं, अन् दुसरं माराचं. एका पेन्सिलीनं ते कसं होईन. मी चूल सारवत होती. तिचं ते टोचणं, थांबणं, पुन्हा टोचणं ऐकून राहिली होती. मंग हात धुतले, लुगड्याले पुसले अन् तिच्याजवळ बसली.

"कोणतं बटन दाबू सांग."

"आजी, तुले नाही जमन."

"दाबाचंच हाय नं. उचलाचं तं नाही."

असं ते सुरू झालं.

ते सॉफ्टवेअर साधं टायपिंगचं नव्हतं. गणित-विज्ञान लिहणारे लोकं वापरतात ते होतं. त्यात माऊस लागत नाही, सगळं बटनाइवरच चालते, म्हणून पाटी मेली तरी काम अडलं नाही. त्याचं नाव तिनं सांगतलं होतं, माह्या ध्यानात नाही राहिलं. बटना ध्यानात राहिल्या. इंग्रजी मले येत नाही. बटनावरचे आकार मी आपल्या परीनं ओळखले. ए म्हणजे झोपडी. एम म्हणजे दोन पहाड. एस म्हणजे साप. एक्स म्हणजे फुली. पण बटनावर एक असते अन् काचेवर दुसरंच उमटते. झोपडी दाबली का काचेवर पोट सुटलेली बाई ये. मी पयल्या दिवशी म्हटलं, चुकलं, पुसून टाक. आचल म्हणे, "बरोबर हाय आजी. बटनावर मोठी, आत लहान." मी म्हटलं, "बाहेर मोठी, घरात लहान. आमच्यावानीच हाय म्हण." ती हसली. पडल्यापासून पयल्यांदा हसली.

तिच्या टिकल्याचं पाकीट कपाटात होतं. ते काढाले सांगतलं. कंट्रोलवर लाल टिकली लावली. उलटी तिरपी काडी राहते, तिच्यावर हिरवी. सापावर काळी, कारण लाल धरून साप मारला का काम जमा होते, नाही तं लॅपटॉप बंद पडला का सगळं जाते. माह्या कपाळाची टिकली सुटून किती साल झाले. बोटाखाली मातर रोज लाल टिकली ये. शेजारची सुगरता मोहाची टोपली डोक्यावर घेऊन दारातून पाहे. "काकी, मशीनले कुकू लावलं, आता मंगळसूत्र बी घाल. अन् तुह्या झाडाखालचा मोह गाई खाऊन राहिल्या, ते पाह्य जरा."

"खाऊ दे," मी म्हटलं. "गाइले बी पोट हाय."

खरं तं जीव तुटे. मोह दिवस उगवता वेचला तं वेचला, ऊन चढलं का वाळते, बकऱ्या येतात, पोट्टे येतात. त्या झाडाचा मोह मी लगन होऊन आली तेव्हापासून वेचला. मांगच्या साली तो आपला पडला अन् आपला वाया गेला. मी आत बसून टपटप ऐके अन् बाहेरची टपटप कोणती, माह्या बोटाची कोणती, हे कधी कधी समजत नसे.

लाल धरून दोन पहाड मारले का ओळीत निळ्या कोपऱ्याचा एक बारका डबा उघडे. डब्यात गणित, डब्याबाहेर बोलणं. बोलण्यात गणित गेलं तं चालत नाही. गणितात बोलणं गेलं तं अक्षरं एकमेकाइले चिकटून बसतात, मधात जागाच सोडत नाही. हिरवी मारून आचल एकेक अक्षर सांगे, 'अल्फा' पुरं झालं, लांब बटन मारलं, का अक्षरं पुसून जात अन् तिथं एक मासोळी उमटे, शेपटीले गाठ मारलेली. तलावातली मोठी नाही, धानाच्या बांधीत पाणी भरलं का येते तेवढी. भागाकाराले एकावर एक दोन घरं उघडत, मधात माळा. वरच्या घरातलं झालं का खालच्या बाणाचं बटन मारून खाली उतराचं. अन् कोणाच्या माथ्यावर बारकं काही चढवाचं असल तं टोपीवानी एक खूण हाय, ती मारली का काचेवरची लुकलुकती काडी वर चढे. पण चढलं का उतरावं लागते. लांब बटन मारून खाली आल्याशिवाय पुढचं टाकाचं नाही. मी उतराले विसरो. मंग सगळं गणित वर वर चढत जाये, बारकं होत होत, वालाच्या वेलावानी, शेवटी मुंगीएवढं होऊन दिसेनासं होये.

"आजी, उतर."

"उतरली."

"नाही उतरली. अजून वरच हाय तू."

आजही कोणी बाई बोलता बोलता एका गोष्टीतून दुसऱ्या गोष्टीत शिरली, मूळ गोष्टीवर आलीच नाही, तं माह्या तोंडात येते, उतर आता.

दुपारी घरावरच्या कवेलूतून आग पडे. पंखा चाले तेव्हा चाले. माह्या बोटाले घाम ये, बटना चिकट होत, मी दर घडीले लुगड्याच्या पदरानं त्या पुशे, अन् पुसता पुसता काही तरी दाबल्या जाये अन् काचेवर भलतीच ओळ उमटे. आचल डोळे मिटून सांगे. कंस उघड. मासोळी. टोपी. दोन. उतर. अधिक. तिच्या तोंडातून ते सगळं असं निघे जसं धान्य सुपातून पडते, न थांबता. अन् माहं बोट तिच्या मांगं लंगडत जाये. तिच्या एका श्वासात जेवढं गणित राहे, तेवढं टाकाले मले अर्धी सकाळ लागे. ती थांबे. थांबून थांबून तिचा जबडा आवळून जाये. मी पाहे अन् घाई करो, घाईत चुको. मंग पुन्हा पयल्यापासून. ते दिवस आठवले का मले ऊन नाही आठवत, तो आवळलेला जबडा आठवते.

एक दिवस एक मोठं गणित टाकून झालं. पानभर होतं. तिनं डोळे मिटलेलेच होते, पुढचं मनात जुळवून राहिली होती. मी म्हटलं, आपण जरा सरकून घेऊ, पुढच्या ओळीची तयारी करू.

आता रोवणा केलेल्या बाईले विचारा. रोवणा करताना बाई पुढं नाही जात. पाण्यात वाकून मांगं मांगं सरकते. पऱ्हे, म्हणजे धानाचे रोपं, पुढं लागत जातात, पाय मांगं जातात. मांगं सरकणं म्हणजेच काम पुढं जाणं. पुढं पाऊल टाकलं तं लावलेलं तुडवल्या जाते. पन्नासेक साल माहे पाय हेच शिकले. बोटंही तेच शिकले असतीन. कोपऱ्यात एक मोठं बटन हाय, त्याच्यावर मांगं जाणारा बाण काढला हाय. मले वाटलं, हे सरकाचं. मी ते दाबलं, दाबूनच ठेवलं, अन् बांधीकडं पाहावं तसं आपली खिडकीतून बाहेर पाहे.

आचलनं डोळे उघडले. पान कोरं होतं. काडी तेवढी लुकलुक करे.

"आजी, काय केलं?"

"मांगं सरकली."

ती उठून उभी राहिली, पांढरे दोन्ही हात छातीजवळ धरून भिंतीपर्यंत गेली, कपाळ भिंतीले टेकवलं. मी बटनावरून हात काढून मांडीवर ठेवला. तो हात माहा वाटत नव्हता. अर्ध्या दिवसाचं बीज पाण्यात सडावं तसं वाटलं. मंग भिंतीकडूनच तिनं सांगतलं, लाल धर, झेड मार. झेड म्हणजे वाकडा कोयता. मी मारला. पुसलेलं थोडं परत आलं. मारत राहा म्हणे. मी मारत राहिली, अन् माह्या बोटानं खाल्लेलं गणित मांगून मांगून वापस येत गेलं. असं शेतात होत नाही. बांधीत एकदा गेलेलं वापस येत नाही. मले त्या दिवशी त्या मशीनचा पयल्यांदा हेवा वाटला.

पण बोटाची खोड गेली नाही. थकलं का ते मांगच्या बाणाकडंच जाये. शेवटी आचलनं त्या बटनावर पिवळी टिकली लावाले सांगतली अन् म्हणे, "पिवळी दिसली का हात उचलाचा. शेत तुडवू नको."

माहा पोरगा, आचलचा बाप, हैदराबादकडं इमारतीच्या कामावर राहते. त्याचा फोन ये. बोलता बोलता तो सुमनले नाही, मले म्हणे, "माय, होत नसल तं राहू दे म्हणा तिले. कायले जीव काढता दोघी. पुढच्या साली पाहू."

पोरगा वाईट नाही. त्याचं मन मोठं हाय, दम नाही. मी फोन कानाले धरून उभी राहिली. मले माह्या बाबानंही चौथीनंतर हेच म्हटलं होतं. पुढच्या साली पाहू. त्यानं खोटं नव्हतं म्हटलं. पुढचं साल आलंही. पण त्या सालात दुसरे कामं होते, मंग लहान भाऊ होता, मंग लगन. पोरीचं पुढचं साल तिच्यासाठी रिकामं राहत नाही, त्यात कोणी ना कोणी आपलं सामान ठेवून देते. हे मी त्याले नाही म्हटलं. मी म्हटलं, "जेवला काय?"

सुमन जंगलात मोहावर जाये, तेंदूपत्त्यावर जाये, आचलची आंघोळ घाले, स्वयंपाक करे. तिचा जीव उडून गेला होता. एक दिवस पत्त्याचा गठ्ठा आंगनात टाकून म्हणे, "तिकडं पत्ता विकाले फळी लागली, ठेकेदार पुडे मोजून घेऊन राहिला, दोन हात कमी हायत, अन् इकडं बुढी कलेक्टर होऊन बसली."

आचल म्हणे, "आई, तिले बोलू नको."

"तिले नाही तं कोणाले बोलू? तुले बोलता येत नाही, तुहे हात मोडले. बाप फोनवर. बोलाचं तरी कोणाशी मी?"

मी म्हटलं, "मले बोल. मी रिकामी हाय. बोट तेवढं कामात हाय." सुमननं पाण्याचा लोटा तोंडाले लावला, अन् पिता पिताच तिच्या डोळ्यातून पाणी वाहून राहिलं. लोट्यातलं कोणतं, डोळ्यातलं कोणतं, पाहाले मी गेली नाही.

त्यानंतर एक दिवस आचल भिंतीकडं तोंड करून निजली ते उठेचना. मी लॅपटॉप उघडून बसली, लाल टिकलीवर बोट ठेवून. "उठ नं माय," मी म्हटलं. ती म्हणे, "आजी, नाही होत. एवढं राहिलं हाय अन् आपण एवढं टाकतो. तूच सांग." मी काय सांगू. मले हिशेब येत नाही असं नाही. बांधी किती मोठी, बाया किती, पाणी किती दिवस टिकन, हे मले बांधावर उभं राहून समजते. त्या दिवशीही समजत होतं. होणार नव्हतं. मी तिच्या केसाले तेल लावलं, वेणी घातली. तिचे केस तिले घालता येत नव्हते. वेणी घालता घालता ती कवेलूकडं पाहून राहिली. लगीत वेळ पाहून राहिली. अन् मंग कुशीवर वळून म्हणे, "आजी, ते होते."

"काय होते?"

"सगळे म्हणतात असं होत नाही. पण एका जागी होते. मले दिसलं."

तिच्या तोंडावर असं काही आलं होतं जे मी त्या घरात कोणाच्या तोंडावर पाहिलं नव्हतं. भुकेलेल्या माणसाले भात दिसावा तसं, पण भूक त्याच्याहून जुनी. ती म्हणे, "आतापर्यंत तू टाकलं ते लोकाइचं हाय, आजी. मी फक्त मांडलं. हे माहं हाय." मी म्हटलं, तं चल, टाकू. ती म्हणे, आता नाही, ते शेवटी येते. मांगचं सगळं उभं राहिलं का त्याच्यावर हे ठेवाचं. भिंती पयले, कवेलू मंग.

तं आम्ही भिंती टाकल्या. मोह सरला. तेंदूपत्ता सरत आला. मले आता बटना पाहाव्या लागत नव्हत्या.

अन् भिंती सरत आल्या तेव्हा वादळ आलं. कैऱ्या झडल्या, सुगरताच्या घरावरचे पत्रे उडून तलावाच्या पाळीवर पडले, डिपीजवळचे खांब आडवे झाले. गावाची लाइन गेली. लॅपटॉपमंधी जेवढा जीव होता तेवढ्यावर आम्ही टाकलं, मंग तो काळा झाला. लाइनमन म्हणे, उद्या. उद्या म्हणे, परवा. जमा कराची तारीख आली अन् लाइन नाही आली. सुमन सकाळीच म्हणे, "स्टेशनवर जा. तिथं मोबाईल लावाची जागा हाय." तिनं लॅपटॉप आपल्या लुगड्यात गुंडाळून पिशवीत ठेवला, आम्हाले बसमंधी बसवून दिलं.

अर्जुनीच्या स्टेशनवर प्लग खांबाले होता अन् वायर आखूड. बाकावरून पुरे ना. आम्ही खाली फरशीवर बसलो. आचल खांबाले टेकून, मी मांडी घालून, लॅपटॉप मधात. लोकं गोळा झाले. आमच्या भागात काही नवं दिसलं का लोकं पाहून नाही जात, बसून पाहतात. कांद्याची बोरी घेऊन एक माणूस होता, तो म्हणे, "अम्मा, क्या कर रहे हो?"

"गणित."

"किसका?"

"जिसका हाथ टूटा है, उसका."

"और करता कौन है?"

"करते ती. टाकतो मी."

मालगाडी आली का आचलचं बोलणं ऐकू येईना. ती ओरडून सांगे, कंस उघड, मासोळी, टोपी, अन् लोकं हसत. एक बाई दुसरीले म्हणे, "मासोळी म्हणून राहिली पोरगी, टोपी म्हणून राहिली. मार लागला वाटते डोक्याले." आचलले ऐकू गेलं. ती ओरडत राहिली. तिचा गळा बसला तरी सांगत राहिली. मी टाकत राहिली. शेवटची भिंत उभी राहिली तेव्हा ऊन फलाटावरून उतरून रुळावर गेलं होतं. कॉलेज बंद व्हाच्या आंदी मेल कराचा होता.

"आता तुहं," मी म्हटलं. "सांग."

तिनं दोन ओळी सांगतल्या. मंग थांबली. घड्याळाकडं पाहिलं, मंग माह्या हाताकडं. माह्या बोटाखाली एका बटनाचे दोन दोन अक्षरं पडून राहिले होते.

"किती राहिलं?"

"लगीत राहिलं, आजी."

"मी जोरात दाबतो."

"जोरात दाबून नाही होत."

मी तरी बोट उचललं नाही. ती म्हणे, त्या दोन ओळी पुसून टाक. पिवळी टिकली दाबाची होती. सारा उन्हाळा मी तिथून हात उचलला होता, त्या दिवशी तिनंच दाबाले लावली. मी पुसल्या. मंग मेल उघडाले सांगतला, फाइल जोडाले सांगतली, अन् म्हणे, लाल धर, एंटर मार.

मी लाल धरली. एंटर मारलं नाही.

"आजी."

"तुहं तं आत आलंच नाही."

"मार, आजी."

मी मारलं. कांदेवाला म्हणे, हो गया क्या? आचलनं डोकं खांबाले टेकवलं. मी प्लग काढला, वायर गुंडाळली. फरशीवरून उठता येईना मले, पाय मेले होते, कांदेवाल्यानं हात दिला.

आचल पास झाली. चांगली पास झाली. तिच्या सरानं फोन करून तोंड भरून सांगतलं. मंग पाऊस लागता लागता त्या दक्षिणेकडच्या लोकाइचं उत्तर आलं. चांगलं मांडलं हाय म्हणे, पण यात तुझं काय हाय? आचलनं त्याइले फोनवर सांगतलं, माहं हाय एक. त्याइनं म्हटलं, मंग लिहून आणा. पुढच्या साली पाहू.

ती हसली तेव्हा. ते हसणं मले नाही आवडलं.

प्लास्टर निघालं. उजवा हात वळाले लागला. डाव्याचा अंगठा वळला नाही, बोटं अर्ध्यावर येऊन थांबतात, काही धरून ठेवता येत नाही. पावसाळाभर ती अर्जुनीले पोराइच्या शिकवण्या घेई अन् येऊन निजे. रोवण्यात आम्ही बांधीत होतो, ती बांधाच्या धुऱ्यावर छत्री धरून बसे, गणिताचं नाव नाही. मी एकदा म्हटलं, टाकू काय? ती म्हणे, काय टाकाचं आजी, कोणाले पाहाचं हाय. धान कापला, चुरला, थंडी आली, गेली. लॅपटॉप त्याच लुगड्यात गुंडाळलेला पेटीवर पडून होता. सुमननं ते लुगडं मांगितलं नाही. मी दिवा लावाले जाये तं तिकडं पाहे अन् पाहून न पाहिल्यासारखं करो. माणूस मेलं तं रडता येते. असं अर्धं राहिलेलं काही घरात पडून राहिलं का रडताही येत नाही, उचलून फेकताही येत नाही.

यंदा त्या दक्षिणेकडच्या लोकाइची तारीख मोहाच्या आखरीले हाय. मले माहीत नव्हतं. मी परवा झाडाखालून आली, टोपली उतरवली, तं आचल खाटेवर बसलेली, मांडीवर लॅपटॉप. उजव्या हातानं एकटीच टाकून राहिली होती. वर पाहिलं नाही. मी मोह पसरवाले जाऊन राहिली होती तं मांगून म्हणे, "आजी, जरा ये नं. लाल धर."

तिचा डावा हात ते बटन धरून ठेवू शकत नाही. मंग मी धरतो, पहाड ती मारते. डबा उघडला का म्हणे, सोड. मी सोडतो. पुन्हा म्हणे, धर. एवढंच. आता ती तोंडानं सांगत नाही, मासोळी नाही, टोपी नाही, सगळं तिच्या हातातून सरळ उतरते, अन् मले काही ऐकू येत नाही. बोट ठणकते. मी त्याले लाल टिकलीवर ठेवून बसतो. टिकली घासून पांढरी झाली हाय, जागा मले माहीत हाय.

मोह बाहेर वाळून राहिला हाय. सुगरता दारातून पाहून गेली, यंदा काही म्हणाली नाही.

तिच्यासमोर जे पान हाय, त्याच्या वरच्या अर्ध्यात काय हाय ते मले वाचता येत नाही. खालचा अर्धा कोरा हाय. तेवढं मले दिसते.